अबोली गुंफणाऱ्या अक्का आणि ग्रीक गायक

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये रोज एक अक्का माझ्याशेजारी बसायच्या. दोऱ्याचं टोक दातात धरून त्या अबोली गुंफत. नजर बाहेरच्या धुक्यात असे. बोटं मात्र चुकत नसत.

बी.ए.च्या इंग्रजीत मी एकदा नापास झाले होते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पुन्हा नापास झाले असते तर शिक्षण सुटलं असतं. फेरपरीक्षेच्या दिवशी मी बसमध्ये रूपक, उपरोध, शोकांतिका असं पुटपुटत होते.

"काय मंत्र म्हणायलीस गं?" अक्कांनी विचारलं.

मी ग्रीक पुराणातली एक गोष्ट सांगितली. एक गायक मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणत होता; तो पुढं, ती मागं. उजेडात येईपर्यंत मागं बघायचं नाही, अशी अट होती. तरी त्यानं बघितलं आणि ती कायमची गेली.

"का बघितलं?"

"गाइडमध्ये लिहिलंय, मनाचा दुबळेपणा."

"काहीतरीच!" दोरा दातातून सुटला. "आमचे हे रस्त्यानं कायम पुढं. माझ्या जोडव्यांचा आवाज थांबला की लगेच वळायचे. भुताच्या पायात जोडवी वाजतात होय? ती मागं आहे हे त्याला कळणार कसं, सांग की!"

वाटेतलं रायापूर कधी गेलं, कळलंच नाही.

पेपरात तोच प्रश्न आला. पाठ केलेलं सोडून मी मोडक्या इंग्रजीत अक्कांचं उत्तर लिहिलं, आणि पास झाले.

आता मी शिकवते. उजळणीत ही गोष्ट आली की मुलांना म्हणते, "गाइड मिटा. घरी आईला सांगा, आणि ती काय म्हणते ते लिहून आणा."