आपल्याकडे वळवायचे

आमच्या सूनबाईने परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातले, तेव्हा तिच्या वर्गातील बहुतेक मुली तिच्या लेकी शोभल्या असत्या. त्या तिला पहिल्याच दिवसापासून ‘मावशी’ म्हणू लागल्या. प्रवेशाच्या वयोमर्यादेत ती जेमतेम बसली होती. प्रात्यक्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पुढील वर्षी तिला पुन्हा बसता येणार नाही, ही गोष्ट कार्यालयाने तिला आरंभीच स्पष्ट केली होती.

या वाटेला ती लागली ती माझ्या पत्नीच्या आजारपणामुळे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व काही तिने अखेरपर्यंत केले: अंग पुसणे, भरवणे, दर काही तासांनी कूस बदलणे. पत्नीच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. आम्हांला वाटले, हे शिक्षण तिला सोपे जाईल. जो आयुष्यभर पोहला त्याला पाण्याची काय भीती, असा आमचा हिशेब होता. तो चुकला.

प्रशिक्षण केंद्रात सरावासाठी एक माणसाएवढा रबरी पुतळा होता. मुलींनी त्याचे नाव ‘जावईबापू’ ठेवले होते. कारण सगळ्यांनी त्याची सरबराई करायची आणि त्याने पडल्या जागेवरून हलायचेही नाही. केंद्रातील पलंग साधे लोखंडी, कठडे नसलेले. अशा पलंगावर रुग्णाची कूस बदलताना त्याला नेहमी आपल्याकडे वळवायचे, आपल्यापासून दूर कधीही नाही, हा शिक्षिकाबाईंनी घालून दिलेला पहिला नियम. सूनबाईला तो तोंडपाठ होता. तरीही तिची पाळी आली तेव्हा तिने जावईबापूंच्या पाठीखाली सराईतपणे हात घातला, एक हलका रेटा दिला, आणि जावईबापू पलंगाच्या दुसऱ्या बाजूने थेट फरशीवर गेले. त्यांचा एक हात निखळून कपाटाखाली सरकला.

“मावशी, जावयाला असं घराबाहेर काढतात होय?” एक मुलगी म्हणाली, आणि वर्ग हसण्यात बुडाला.

शिक्षिकाबाई हसल्या नाहीत. “हा रबराचा होता,” त्या म्हणाल्या. “परीक्षेला माणूस असेल. तिथे हे झालं तर मी तुम्हांला वाचवू शकणार नाही.”

सायंकाळी घरी आल्यावर सूनबाई बराच वेळ माझ्या पत्नीच्या रिकाम्या पलंगाकडे पाहत उभी राहिली. आमची ती खोली अरुंद आहे. पलंग एका बाजूने भिंतीला लागून ठेवल्याखेरीज तेथे वावरता येत नाही. चुकीचे मूळ तिला तेथे सापडले.

“बाबा, मी सासूबाईंना नेहमी भिंतीकडे ढकलायचे,” ती म्हणाली. “पुढं भिंत त्यांना धरायची. मी धरतच नव्हते.”

“भिंतीने तिची पाठ पुसली नाही,” मी म्हणालो. “ते तूच केलंस. आता पलंग ओढायला हात लाव.”

आम्ही दोघांनी पलंग खोलीच्या मधोमध आणला. कपाटाचे दार त्यामुळे अर्धेच उघडू लागले. घरातील प्रत्येक वस्तू जागच्या जागी असावी असा माझा आग्रह असतो. तो मी काही काळ बाजूला ठेवला आणि स्वतः पलंगावर आडवा झालो, कारण सरावाला दुसरा रुग्ण उपलब्ध नव्हता.

“आजोबा, आता मी तुम्हांला डाव्या कुशीवर वळवणार आहे,” तिने सुरुवात केली.

“वळव की.”

“रुग्ण असं बोलत नाही, बाबा.”

“मग कसं बोलतो?”

“जरा कण्हतो.”

“कण्हणं मला जमायचं नाही. बाकीचं सांग.”

तिने हसत हसत माझ्या पाठीला हात लावला आणि पुन्हा पलीकडे रेटा दिला. मी गादीची कड वेळीच पकडली म्हणून बचावलो. दोष बुद्धीचा नव्हता. नियम तिला कळत होता, परंतु हात बुद्धीच्या आधी निघत होते. वर्षानुवर्षे ज्या हातांनी एकच गोष्ट एकाच दिशेने केली, त्यांना उलटी दिशा शिकवणे हे कोऱ्या हातांना शिकवण्यापेक्षा कठीण असते.

तेवढ्यात आमचे चिरंजीव कामावरून आले. आपले वडील दिवाणखाना सोडून पलंगावर का पडले आहेत, हे त्यांना समजेना.

“बाबांना काय झालं?”

“काही नाही, रुग्ण आहेत,” सूनबाई म्हणाली.

“चांगल्या माणसाला आजारी पाडायचा कोर्स आहे का तुझा? आणि चहा?”

“रुग्णाला वळवून झालं की. नाहीतर तुम्ही या इकडे, वजनाला तुम्हीच बरे.”

चिरंजीवांनी मुकाट्याने स्वयंपाकघर गाठले.

त्यानंतर रोज सायंकाळी हा सराव चाले. ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला जाऊन उभे राहायचे, रुग्णाचा पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, पलीकडचा गुडघा दुमडायचा, खांदा व कंबर धरून स्वतःकडे ओढायचे. हळूहळू मी पलंगाची कड धरणे सोडून दिले.

परीक्षा रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात झाली. जे घडले ते तिने मला त्याच दिवशी, काही न वगळता सांगितले. तिच्या वाट्याला एक स्थूल आजी आल्या. त्यांची डावी बाजू लुळी होती. जिभेला मात्र आजाराचा स्पर्श झालेला नव्हता.

“आजी, तुमची कूस बदलायची आहे.”

“सकाळपासून सगळ्या तेच म्हणतात. भोवरा केलाय माझा.”

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाई पायथ्याशी उभ्या होत्या. आजींना उजव्या कुशीवर वळवायचे होते. घाबरलेली सूनबाई मात्र जवळची म्हणून डाव्या बाजूलाच उभी राहिली, आणि तिचा हात आजींच्या पाठीखाली गेला. तो रेटा देऊ लागला, एवढ्यात ती थांबली.

“आजी, जरा थांबा. मी चुकीच्या बाजूला उभी राहिलेय.”

“म्हणजे तूसुद्धा शिकतेच आहेस? केस तर पिकलेत.”

“शिकतेच आहे, आजी.”

“मग सावकाश शिक. मला कुठं गाडी पकडायचीय?”

ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. आजींचा हात छातीवर घेतला, गुडघा दुमडला, त्यांना आपल्याकडे घेतले आणि पाठीमागे उशी लावली. आजींनी डोळे मिटले.

“मध्येच का थांबलात?” परीक्षकबाईंनी विचारले.

चादर सारखी करत होते, असे सांगता आले असते. सूनबाई म्हणाली, “मॅडम, माझा हात ढकलायला निघाला होता. आजींचं वजन हाताला लागलं, तेव्हा कळलं की त्या माझ्याकडे येत नाहीयेत, पलीकडे चालल्यात.”

“याचे गुण जातील.”

“हो, मॅडम.”

निकाल लागेपर्यंत, पुढे काय करायचे हा विषय घरात कोणीही काढला नाही. निकालाच्या दिवशी ती चप्पल न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“बाबा, पास झाले. प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यांत कमी गुण माझे आहेत.”

गुण कापले गेले ते रास्तच होते, आणि मी तसे तिला सांगितले. तीही मान हलवून हो म्हणाली. मग दाराची चौकट धरून ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून बराच वेळ रडली. चिरंजीव पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभे राहिले. तो तिच्या हाती कधी द्यावा, हे त्यांना ठरवता येईना.