संपादक सर आणि दर्भाचा पुतळा

आमचे संपादक सर (आता नाहीत ते) दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. राजपुरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतून मनोविश्लेषण आणि संस्कृती या विषयांवरचं त्रैमासिक निघायचं, आणि त्या खोलीत कुणीही शिरायचं. मी मुद्रितं तपासायला गेले की आधी शेळी हाकलायची, मग चुका काढायच्या. "सर, निदान दुपारी तरी लावू का कडी?" "राहू दे बेटा," एवढंच म्हणायचे.

आता बुऱ्हाणपुरात असलं त्रैमासिक म्हणजे कमालच! गल्लीला वाटायचं, सर वेड्यांचा इलाज करतात. तुकईथडचे एक केळीवाले काका तर जावयालाच घेऊन आले. "सर, याचं डोकं जरा चेक करा ना, कुणाचं सुनतच नाही!" सरांनी दोघांचं निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावई एकदम ठीक आहे. तुम्हीच येत जा अधूनमधून."

नदीत वाहून गेलेल्याचा देह सापडला नाही, तर आपल्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सरांनी त्यावर लेख लिहिला. शोकालाही एक देह लागतो, नाहीतर तो घरभर फिरत राहतो, असं त्यात होतं. लांबलांबच्या प्राध्यापकांचे फोन आले. सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मात्र चहाचा ट्रे आपटला. "जगाला सांगता, जाळा म्हणून. आणि आपल्या निखिलचं काय?"

निखिल त्यांचा एकुलता एक. तापीच्या पुरात गेला, तो सापडलाच नाही. काकूंना त्याला एकदाचं नीट पोचवायचं होतं. सर म्हणायचे, "सुषमा, तो लेख आहे." दुसऱ्यांची मनं उलगडणारा हा माणूस, स्वतःची वेळ आली की मुका! मला भयंकर राग यायचा. मग त्या उघड्या दाराकडे नजर गेली की राग ओसरायचा.

शेवटी काकूंनी अन्न सोडलं, तेव्हा सर तयार झाले.

घाटावर सकाळचा गार वारा सुटला होता. गुरुजींनी पुतळा रचला आणि म्हणाले, "सर, अग्नी द्या." सरांनी पलिता हातात घेतला आणि माझ्याकडे दिला. अंगातला स्वेटर काढला, त्या दर्भाभोवती गुंडाळला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

"एक मिनिट, गुरुजी," ते म्हणाले. "पाण्यातून आलाय तो. कुडकुडत असेल."

काकू पुढे झाल्या, त्यांनी सरांचा हात धरला, आणि दोघांनी मिळून अग्नी दिला.