आधी निळी, मग लाल

दूध तापत ठेवून ठमीची आई मशीनवर बसली होती. एका गिऱ्हाइकाची पँट दुपारच्या आत आखूड करून द्यायची होती. पायाशी फरशीवर ठमी बसलेली, समोर दोऱ्यांच्या रिळांचा डबा.

"राखाडी दे गं."

ठमीनं डब्यात हात घातला. दोन राखाडी होते. तिनं पँटीकडे एकदा पाहिलं आणि नेमका जुळणारा दिला. नऊ वर्षांची पोर. बोलणं तुटक, चालणं सावकाश, बटण लावायचं तर अख्खी सकाळ जायची. पण रंगाला कधी चुकायची नाही.

तेवढ्यात दार वाजलं. आई उठेपर्यंत दूध उतू गेलं.

"आल्या वाटतं मॅडम," सासूबाई ओट्यावरचं दूध पुसत म्हणाल्या. "एरवी फिरकायच्या नाहीत. गरज पडली की मात्र घर बरोब्बर सापडतं."

मॅडम म्हणजे ट्रेनिंगवाल्या मॅडम. ठमीसारख्या मुलांना वर्गात कसं सांभाळायचं, कसं शिकवायचं, हे त्या शिक्षकांना शिकवत. ठमीची आई कोपऱ्यावरच्या शाळेत प्रवेश मागायला गेली होती, तेव्हा तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "आमच्या शिक्षिकांना या मुलांचं ट्रेनिंग नाही हो. ते होऊ द्या, मग बघू." तिला ते पटलं होतं. म्हणूनच मॅडमनी सरावासाठी एखादं मूल हवं म्हटल्यावर तिनं आपणहून ठमीला पुढे केलं. आपल्याच पोरीसाठी तर शिकतायत सगळ्या!

शाळेच्या हॉलमध्ये ट्रेनिंग चाले. पहिल्या दिवशी मॅडमनी टेबलावर रंगीत रिंगा मांडल्या आणि म्हणाल्या, "लाल दे." ठमीनं पटकन लाल दिली.

"अगं, एवढ्यात नको!" मॅडम हसल्या. "तू अशी लगेच दिलीस तर या बायका शिकणार काय?" सगळा हॉल हसला. ठमीला बिस्कीट मिळालं नाही.

कारण धडाच तो होता. मूल चुकलं तर रागवायचं नाही, "पुन्हा बघू या हं" म्हणायचं, बोटानं दाखवायचं, आणि जमलं की टाळ्या वाजवायच्या. पुढच्या खेपेला ठमीनं निळी दिली. मग पुन्हा बघू या झालं, मग लाल, मग टाळ्या आणि बिस्कीट. पोरीनं ते पक्कं धरलं. आधी निळी, मग लाल. "असं मूल मिळायला नशीब लागतं," मॅडम म्हणायच्या, आणि मागच्या बाकावर कुणाच्या तरी शर्टाला काज करत बसलेली आई फुलून जायची. शिक्षिकांच्या तुकड्यांमागून तुकड्या शिकल्या, फोटो काढून घरी गेल्या. ठमी आपली घरीच.

आज मात्र मॅडम दारातूनच म्हणाल्या, "ताई, चला लवकर! मोठ्या बाई ठमीला बघतो म्हणाल्यात. मी शब्द टाकलाय."

"बघतो म्हणजे? सून करून घेतायत का?" सासूबाई म्हणाल्या; पण फणी घेऊन त्याच आधी धावल्या. नातीचा भांग दोनदा मोडून पुन्हा पाडला.

मोठ्या बाई तशा वाईट नव्हत्या. ठमीला त्यांनी जवळची खुर्ची दिली. कपाटातून डबा काढला, तोच, हॉलमधला. रिंगा मांडल्या.

"बाळ, लाल दे बघू."

ठमीनं आईकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. सरावलेल्या नटीसारखं हसली आणि निळी उचलून दिली. मग तळहात उघडा करून बसली.

"ही निळी झाली. बरं, हिरवी दे."

पुन्हा विचारलंच नाही! ठमी गोंधळली. तरी शिकवल्याप्रमाणे तिनं पिवळी दिली.

"बाई, लालच पुन्हा विचारा," आई उठत म्हणाली. "आत्ता देईल ती. तिला सगळे रंग येतात हो."

"प्रत्येकाची आई हेच म्हणते. मी एकदाच विचारते सगळ्यांना. हिला दोनदा विचारलं, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

आईनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी एवढंच तर सांगायचं होतं, की आधी चुकायचं हे मीच तिला लावलंय. मॅडम पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या. दुसऱ्यांचं मूल चुकलं तर काय बोलावं हे सगळ्या शाळांना शिकवणारी बाई, आपलं चुकल्यावर मूग गिळून बसली.

"अजून वर्षभर घरी तयारी करून घ्या," मोठ्या बाईंनी डबा बंद केला. "तोवर आमच्या शिक्षिकाही आणखी शिकतील."

रस्त्यावर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मला काय कळत नाही का, ताई? पण बोलणार कशी? माझं ट्रेनिंग त्यांच्याच हॉलमध्ये चालतं."

 ठमी आईची ओढणी ओढत होती. दुसरा तळहात अजून उघडाच होता. "बिस्कीट?"

थोडं पुढे गेल्यावर मॅडमनी घसा साफ केला. "उद्या नवी तुकडी आहे. ठमीला आणाल ना?"

सासूबाईंचं ठेवणीतलं एक वाक्य आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. जवळ दुसरी शाळा नव्हती, आणि या शाळेत ठमी गेली होती ती फक्त त्या हॉलपर्यंत.

"आणीन," ती म्हणाली. "एकच करा, मॅडम. उद्या तिनं पहिल्यांदाच लाल दिली, तर तिला बिस्कीट द्या."