शेजारणीच्या आईची वही

शारजातल्या एका भारतीय शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होताना शाळेनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते सहा महिन्यांत बंद पडलं, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. लग्नाची पत्रिका असो, हॉटेलचं मेनूकार्ड असो, नाहीतर लिफ्टमध्ये चिकटवलेली पाणी बंद असल्याची नोटीस असो, कागद दिसला की माझे हात शिवशिवतात. नवऱ्यानं मला वाढदिवसाला कार्ड देणं कधीच बंद केलंय. म्हणतात, मार्क कमी पडतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहायला आली. पन्नाशीची, एकटी, त्रिनिदादची. त्रिनिदादबद्दल मला क्रिकेटपुरतीच माहिती. पण मला काही माहीत नाही असं मी आयुष्यात कुणाला कळू दिलेलं नाही, त्यामुळे पहिल्याच चहाला मी तिची उलटतपासणी घेतली. तिच्या आईची पणजी कलकत्त्याहून जहाजात बसून तिकडे ऊस तोडायला गेली होती, असं तिनं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही आपल्याच की!" मी म्हटलं.

ती नुसती हसली. नर्सेसना पेशंटशी वाद न घालायची सवय असते.

मग तिच्याकडच्या पदार्थांची चौकशी झाली. वांगं भाजून, लसूण घालून कुस्करतात. हे आपलं भरीत. डाळ शिजवून, वाटून पोळीत भरतात. ही आपली पुरणपोळी, बिचारे गूळ विसरले. अळूसारख्या पानांचं नारळाच्या दुधात गरगट करतात. हे आपलं फदफदं, फक्त त्यात खेकडा घालून बाटवलेलं. अर्ध्या तासात मी अख्खं बेट आपल्यात जमा करून टाकलं. ती बिचारी चहात बिस्किट बुडवत ऐकत होती.

स्वतः तिला मात्र काहीच करता येत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगसाठी घर सोडलं ते सोडलंच. पुढे हॉस्पिटलचं कॅन्टीन आणि इथे आल्यावर कोपऱ्यावरचा शवर्मा. आदल्या वर्षी तिची आई वारली, आणि तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला होता. एकदा तरी आईच्या हातचं जेवायचं. दुबईच्या मॉलमधून तिनं कॅरिबियन स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, तेही मी चाळलं. दर दुसऱ्या पानावर समुद्र, मध्येमध्ये कापलेला अननस, आणि लेखिका पांढरी साडेतीन हजारांची पॅन्ट घालून वाळूत बसलेली. फोडणीचा एक डाग नाही कपड्यांवर.

"यात माझी आई कुठेच नाही," ती म्हणाली, आणि तिनं पिशवीतून एक वही काढली.

शाळेची असते तशी चाररेघी, कडा कुरतडलेल्या, हळदीचे डाग पडलेली. भावानं कुरियरनं पाठवली होती. चाळीसेक पानं, सगळी पेन्सिलीनं, इंग्रजीत लिहिलेली. तिची आई जेमतेम शिकलेली होती, ते अक्षरावरून दिसतच होतं.

"टीचर, मला यातून शिकवाल?" तिनं विचारलं. "शनिवारी मला सुट्टी असते. तोवर वही तुमच्याकडे ठेवा."

आता पेन्सिलीनं लिहिलेली वही, ती माझ्याकडे, आणि तीही चार दिवस! देवानं माझी परीक्षाच बघायची ठरवली होती म्हणायचं.

पहिल्या दिवशी मी फक्त वाचली. दुसऱ्या दिवशी पेन घेतलं. इतके घोटाळे होते की मास्तरणीला डोळे मिटून पुढे जाणं शक्यच नव्हतं. एके ठिकाणी मसाला तेलात टाकण्याआधी पाण्यात कालवायला सांगितला होता. मी समासात लिहिलं, 'का?' मिरची अख्खी भातात ठेवायची आणि न फुटता काढून घ्यायची, असं होतं. मग ती घालायचीच कशाला? मी दुरुस्त केलं, 'मिरचीला चीर द्यावी.' 'थोडं', 'पुरेसं', 'वाटेल तेवढं' या शब्दांना तर मी बावीस वर्षांत कुणाला माफ केलेलं नव्हतं. सगळीकडे गोल करून ग्रॅम आणि मिनिटं लिहिली. वांग्याला मोहरीची फोडणी दिली, डाळीला हिंग लावला, फदफद्यात शेंगदाणे आणि चिंच घातली. खेकडा खोडला.

आणि पेलाव नावाचा एक भात होता. कोंबडी, तुरीचे दाणे, नारळाचं दूध आणि तांदूळ. इथपर्यंत ठीक. पण सुरुवातीलाच तेलात साखर टाकून ती काळी होईपर्यंत जाळा, असं लिहिलं होतं. साखर जाळा! पुडिंग करताना मी मुलीला जेवढी सोनेरी करू देते, बरोब्बर तेवढी सांगितली असती तर एकवेळ चाललं असतं. पुढे नेमकं कधी थांबायचं याबद्दलही एक लांबलचक ओळ होती, ती तर शास्त्राच्या दृष्टीनं निव्वळ भाकडकथा होती. मी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला, दोन्ही ओळींवर फिरवला आणि वाळल्यावर वरून ठसठशीत लिहिलं, 'मध्यम आच, दोन मिनिटं, रंग सोनेरी.'

शेवटच्या पानावर सवयीनं शेरा दिला, 'चांगला प्रयत्न. प्रमाणाकडे लक्ष द्यावे.' आणि खाली सही केली.

वही डायनिंग टेबलावर पडली होती, ती आमच्या मुलीनं पाहिली. ती इथेच वाढलेली, त्यामुळे मी मराठीत ओरडते आणि ती इंग्रजीत ऐकून घेते. तिनं दोन पानं उलटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, यू करेक्टेड हर डेड मदर?"

"दुरुस्त केलं म्हणजे काय पाप केलं का?" मी म्हटलं. "तिच्याच सोयीसाठी ना?"

"ओ माय गॉड," म्हणून ती खोलीत निघून गेली. हल्लीच्या मुलांना सुधारणा सहनच होत नाही.

शनिवारी शेजारीण अकरा वाजता हजर. नवा एप्रन घालून, केस बांधून, ऑपरेशनला उभं राहावं तशी. मी सकाळीच माझ्या दुरुस्तीप्रमाणे पेलाव करून ठेवला होता. सोनेरी साखर, चीर दिलेली मिरची, आणि वरून माझा गोडा मसाला, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. क्षणभर मला वाटलं, आईची आठवण आली. ती मिरची होती.

"छान आहे," पाणी पिऊन ती म्हणाली. "भारतीय आहे. आता आईच्या पद्धतीनं करूया?"

आणि तिनं वही उघडली.

मुख्याध्यापकांसमोर, पालकांसमोर, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांसमोर मी कधी घाबरले नाही. त्या दिवशी ती एकेक पान उलटत होती आणि मी सिंकमधली स्वच्छ भांडी परत घासत होते. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मी दोन मिनिटांत गप्प करते. ती पेलावच्या पानावर थांबली आणि तिनं पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"टीचर, इथे काय होतं?"

"चूक होती," मी म्हटलं. "साखर जाळायला सांगितली होती."

"जाळायचीच असते." तिचा आवाज अगदी हळू होता. "तोच तर सगळा रंग आणि चव. पण कधी थांबायचं, ते आईचं आईलाच माहीत. एक क्षण आधी काढली तर गोड लागतं, एक क्षण उशीर झाला तर कडू. तिनं ते लिहून ठेवलंय, एवढंच ती भावाला सांगून गेली होती."

तिनं नखानं व्हाइटनर खरवडला. त्याच्याबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला, आणि पापुद्र्याबरोबर पेन्सिल. मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

मग आम्ही साखर जाळायला घेतली. दुसरं काय करणार? मोबाइलवर चार व्हिडिओ लावले. चार बायका, चार वेगवेगळ्या वेळी कोंबडी टाकत होत्या. पहिली कढई मीच घाबरून लवकर उतरवली. दुसरीत धूर झाला आणि खालून वॉचमन धावत आला. तिसरीला ती कढईवर इतकी वाकली की मला भीती वाटली. साखर फसफसली, लाल झाली, तपकिरी झाली, काळी पडायला लागली. ती नाकानं हुंगत होती, डोळे मिटून, आणि दर वेळी मान हलवत होती. हा नाही. हाही नाही. चौथ्या कढईनंतर तिनं गॅस बंद केला.

"टीचर," ती म्हणाली, "वही आली तेव्हापासून मी ती नीट वाचलेलीच नाही. तिचं अक्षर दिसलं की पुढे जाताच यायचं नाही. ती ओळ फक्त तुम्ही वाचलीय. काय लिहिलं होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. पान डोळ्यांसमोर येत होतं, हळदीचा डाग येत होता, कशाच्या तरी वासाबद्दल काहीतरी होतं एवढं येत होतं. त्यापुढे नुसतं पांढरं.

"एक मिनिट," म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेले. हे सोफ्यावर मोबाइल बघत बसले होते. त्या साखरेची ओळ मी ह्यांना जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

"अहो, त्या वहीत साखर जाळायचं काय होतं हो? मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं बघा."

ह्यांनी मान वर करून आठवल्यासारखं केलं. "काहीतरी भलतंच गमतीचं होतं बुवा," ते म्हणाले. "मला ठसका लागला होता, एवढं हसलो होतो आपण."

मी परत स्वयंपाकघरात आले. ती उलथनं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"नाही आठवत," मी म्हटलं.

आम्ही हसलो होतो, ते मी तिला सांगितलं नाही.