सूट मिळालेला विषय

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. त्यामुळे चाळिशीला दोन वर्षं उरली असताना एम.बी.ए.ला अर्ज केला, तेव्हा कुडाळच्या केंद्राने आधी एक पूर्वतयारीचा विषय गळ्यात मारला. संख्याशास्त्र. दहा शनिवार वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची, मग मुख्य अभ्यासक्रम. कामाचा अनुभव असेल तर या विषयातून सूट मिळू शकते, असं माहितीपत्रकात अगदी खाली बारीक अक्षरांत छापलं होतं. मला ते दहा शनिवार वाचवायचे होते. देवगडहून कुडाळ म्हणजे कणकवलीला एसटी बदलायची आणि जाऊन येऊन अख्खा दिवस मोडायचा.

सूट मागितली खरी, पण अर्जात ‘अनुभव’ अशी चौकट होती. मी लिहिलं, ‘नाही.’

आपण खोटं लिहितोय असं तेव्हा मनातही आलं नाही. सोळा सीझन मी बाबांच्या हाताखाली हापूस निवडला, पेट्या भरल्या, मुंबईला रवाना केल्या. बाबा गेल्यानंतर आणखी तीन, तेही एकटीने. पण आमच्याकडे बाईने घरच्या बागेत केलेल्या कामाला कोणी काम म्हणत नाही, आणि मीही म्हणत नव्हते. नोकरी ती भावाची, मुंबईतली.

केंद्रातल्या बाईंचा फोन आला. “अनुभव नाही म्हणता, मग सूट कशाच्या जोरावर मागताय?” मी पेट्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “असं कोणाकडून तरी लिहून आणा.”

बाबांकडून आणायची सोय उरली नव्हती. शेवटी वाशीच्या दलालांना फोन लावला. ते मूळचे मालवणचे, आमचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच उतरतो. बाजारात पेटीचा वरचा थर सगळेच देखणा लावतात, म्हणून घेणारा हात घालून तळाचं फळ काढून बघतो. बाबांचा हट्ट असा, की वर जे फळ तेच तळाला. माझ्या हातून फरक राहिला तर ते अख्खी पेटी उपडी करायचे आणि पुन्हा भरायला लावायचे. मी रडत रडत भरायचे.

दलालांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चेडवा, बापूस गेल्यार पयल्या वर्षी मी तुझी दर एक पेटी तळापासून बघितलंय. आता बघणंय नाय. आणि तू लिवलंस, अनुभव नाय?”

त्यांनी हेच शुद्ध मराठीत लिहून पाठवलं. ते वाचताना मला रडू आवरेना. बाबांनी मला उभ्या जन्मात कधी ‘बरं भरलंस’ म्हटलं नव्हतं. आठवड्याभरात सूट मंजूर झाली.

वर्ग जूनमध्ये सुरू झाले. सीझन आटोपलेला, बागेतली माणसं आपापल्या भातलावणीला गेलेली. केंद्राने सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर घेतलं होतं, सूटवालीलासुद्धा. पहिल्या शनिवारी दुपारी फोटो आला. अकरा जण, बाकं जोडलेली, डबे उघडलेले. कोणीतरी कोलंबीचं सुकं आणलं होतं आणि ते वर्गात पोचेपर्यंत अर्धं कसं झालं यावरून चेष्टा चालली होती. मी आदल्या दिवशीच्या आमटीत भात कालवत ती सगळी वाचली. पुढच्या शनिवारी फोन ताटाशेजारी ठेवूनच जेवायला बसले. याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा भावाचा फोन आला, “बरी आसस मां?” मी बरी म्हटलं.

सोमवारी कुडाळला जाऊन मी सूट रद्द करायचा अर्ज मागितला. बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. त्यांचं ऑफिसातलं मराठी गळून पडलं. “सगळे सूट मागूक येतत. परत करूक इलेली तूच पयली.”

याही अर्जात चौकट होती, ‘कारण’. ‘विषय पक्का व्हावा म्हणून’ असं लिहायला घेतलं आणि ‘विषय’पाशीच हात थांबला. मला वरचा थर देखणा लावायला शिकवलेलंच नाही. ते खोडलं आणि लिहिलं, ‘घरी मी एकटी असते. जेवायला सोबत कोणी नसतं.’

बाईंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि बुडालेले दोन शनिवार भरून काढावे लागतील, एवढं सांगितलं.

त्या शनिवारी पहाटे डब्यासाठी वाटप करायला नारळ फोडला. एक कवड खवून झाली आणि मी विळीवर तशीच बसून राहिले. चारचौघांना पुरेल एवढं खोबरं किती घ्यायचं, ते मला आठवेना.