भिंग वीस, पडद्यावर वीस

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली काढलेला कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो पाठवलात. कोपऱ्यातल्या मापाच्या रेघेचा आकडा तपासलात का, असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "आजी, हू चेक्स दॅट?" तपासणारा एक माणूस मला माहीत होता. त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता हात थरथरायला लागलेत, म्हणून लिहून टाकते.

"भिंग वीस, बाई."

आखातात, अल कुसैसच्या आमच्या लॅबमध्ये हे वाक्य मी दिवसातून तीस-चाळीस वेळा ऐकत असे. बोलणारे रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. सगळे त्यांना भाई म्हणत. पोलादाचे तुकडे आरशासारखे घासून ते डिजिटल मायक्रोस्कोपखाली ठेवत आणि पडद्यावर आलेल्या चित्राचा फोटो घेत. भिंग हाताने बदलायचं आणि कितीचं लावलं ते कॉम्प्युटरला वेगळं सांगायचं. ते राहिलं तर चित्र तेच, पण मोजमाप खोटं. म्हणून भाई भिंगाचा आकडा मोठ्याने म्हणत आणि शेजारी रिपोर्ट टाइप करणारी मी पडद्यावरचा आकडा वाचून उत्तर देई, "पडद्यावर वीस." तोवर ते फोटो घेत नसत.

"भाई, झोपेतही म्हणता का हो हे?"

"सुट्टीवर गेलो की म्हणतो. बायको उठून बसते नि सांगते, पडद्यावर काय नाय, झोपा आता."

एका शुक्रवारी उम्म अल कुवैनच्या एका वर्कशॉपमधून वेल्डिंगचा तुकडा आला. क्रेनचा हूक दुरुस्त केला होता, त्यातला. आत केसासारखी भेग होती. ती किती लांब, एवढंच सांगायचं होतं. भाईंना जुम्म्याची नमाज गाठायची होती आणि वर्कशॉपचा ड्रायव्हर दारात उभा राहून घाई करत होता. "यल्ला चाचा, खलास करो." तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आठवडाभर मला धड झोप नव्हती.

"भिंग वीस, बाई."

"पडद्यावर वीस," मी मान वर न करता म्हटलं.

पडद्यावर पन्नास होतं, आधीच्या नमुन्याचं राहिलेलं. भेग अडीच पट लहान मोजली गेली. हूक पास झाला.

सोमवारी भाई तो फोटो उघडून बराच वेळ बसले. "बाई, या पोलादाचे कण इतके बारीक नसतात." त्यांनी तुकडा परत लावला, मोजला आणि कोणाला न विचारता वर्कशॉपला फोन केला. "हूक मत चढाओ. मेरे कहने तक कुछ मत उठाओ." हूक तेव्हा चढवायलाच घेतला होता.

साहेब म्हणाले, "नया रिपोर्ट भेज देंगे, वजह मत लिखो." भाईंनी जुन्या रिपोर्टखाली पेनाने इंग्रजीत वजह लिहिली, 'आकडा मी तपासला नाही', आणि सही केली.

"भाई, चूक माझी आहे. मी साहेबांना सांगते."

"गप बसा. मिस्टरांचा व्हिसा तुमच्या नोकरीवर आहे. त्यांना अशात कुठे नेणार? माझं काय, इन्शाल्ला घरी बसून ताजे मासे खाईन."

मी साहेबांकडे गेले नाही, पुढचा रिपोर्ट टाइप करायला घेतला.

महिन्याभरात त्यांना घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी भिंगं पुसली, मशीनवर कव्हर घातलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या माणसाला मान वर करून सांगा, बाई."

तीन वर्षं मी त्यांना ईदला फोन केला. चौथ्या ईदला त्यांच्या बायकोने उचलला, भाई गेले म्हणाली. तिला तरी खरं सांगायला हवं होतं. मी मासळी कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

त्या रिपोर्टची प्रत माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे. वर फोटो, कोपऱ्यात चुकीची रेघ, खाली त्यांची सही. तिच्या शेजारी काल मी माझी केली.