पापणी न लवणारी माणसं

खुटबावच्या आण्णा महानवरांना माणसावर संशय घ्यायला कारण लागत नसे. पण नव्याण्णव साली रविवारी सकाळी टीव्हीवर ‘मिशन प्रतिबिंब’ सुरू झालं आणि त्यांना कारणही मिळालं.

मालिका हिंदी होती. आण्णांना हिंदी निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं ते संशयावर भरून काढायचे. गोष्ट अशी होती की शत्रूच्या देशात जमिनीखाली एक प्रयोगशाळा होती. तिथं काचेच्या नळकांड्यात हिरवं पाणी उकळायचं आणि त्यातून माणसाची हुबेहूब नक्कल बाहेर यायची. चेहरा तोच, आवाज तोच, मनगटावरचं घड्याळसुद्धा तेच. (पाण्यातून घड्याळ कसं काय तयार होतं, असं पहिल्याच रविवारी सर्जेरावांनी विचारलं होतं. आण्णांनी त्यांना “बघू द्या मर्दा” म्हणून गप्प केलं.) मग ती नक्कल आपल्या देशात यायची, खऱ्या माणसाच्या जागी बसायची आणि गुपितं पळवायची. ह्या नकली मंडळींना हुडकून काढणारा आपला गुप्तहेर म्हणजे मेजर रणजय. त्याला एक खूण सापडली होती. नकली माणसाची पापणी लवत नाही.

तेव्हापासून आण्णा समोरच्याच्या डोळ्यांत बघूनच बोलायला लागले. डेअरीवर दुधाला फॅट लावणारा पोऱ्या त्यांच्या नजरेनं इतका बावरायचा की आकडा चुकायचा. आकडा चुकला की आण्णांचा संशय वाढायचा.

रविवारी आण्णांच्या पडवीत निम्मी आळी जमायची. डेअरीचे चेअरमन सर्जेराव, ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता, तेसुद्धा आण्णांचा काळापांढरा बघायला यायचे. त्यांचं म्हणणं, आण्णा शेजारी असल्याशिवाय शिरेलीला चव येत नाही.

आणि एका रविवारी आक्रीत घडलं. मेजर रणजय मोटारीतून उतरला तो वेगळाच माणूस होता. उंची कमी, नाक बसकं, भांग उलट्या बाजूला. बाकीच्या सगळ्यांनी त्याला सॅल्यूट ठोकला, जणू काही झालंच नाही.

“ॲक्टर बदलला,” सर्जेराव म्हणाले.

“ॲक्टर न्हाई, मानूस बदलला,” आण्णा म्हणाले. “दुस्मानानं नकली घुसवलाय. आपल्याला कळू दिलं न्हाई, पन शेवटच्या भागात उघडं पाडत्याल. बघा तुमी.”

“अवो, पहिल्यानं पैशे वाढवून मागितले आसतील.”

“चेअरमन, मेंढीचं कोकरू मेलं की आमचा म्हातारा काय करायचा ठावं हाय का? मेलेल्याचं कातडं काढून पोरक्या कोकराच्या अंगावर घालायचा. मेंढी वास घ्यायची आन् पाजायची. वरनं तिचंच, आतनं भलतंच! तवा तुमी मेंढीवानी वास घेत बसा, मी आत बघनार.”

सर्जेरावांना मेंढी म्हणून घेणं फारसं रुचलं नाही. पण त्यांनी चहा संपवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले.

एवढं सगळं शिरेलीपुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच दिवसांत आण्णांच्या लेकीसाठी, पूनमसाठी, कवठे येमाईचं स्थळ आलं. गिताबाईंची, म्हणजे आण्णांच्या बायकोची, बहीण धुरपदा कवठ्याला दिलेली. तिनंच हे स्थळ काढलं होतं. पोरगा शंभू, कारेगावात खोली घेऊन राहायचा आणि एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होता. पहिल्या खेपेला बघायला आला तेव्हा आण्णा खूश झाले. पोरगा अंगानं भरलेला, ओठावर झुपकेदार मिशी, बोलायला मोकळा. त्यानं दोन वेळा चहा मागून घेतला. ‘मिशन प्रतिबिंब’मध्ये मेजरच्या माणसांतला गद्दार कोण, हा विषय निघाला तेव्हा तर तो पोहे ठेवून सरसावून बसला.

“मामा, गद्दार ती डॉक्टरीणच हाय. बघाच तुमी.”

आण्णांचंही मत तेच होतं. एवढ्या लोकांत त्यांच्या मताशी जुळणारा हा पहिलाच माणूस भेटला होता, आणि तोही जावई म्हणून.

महिन्यानं शंभू थोरल्या मंडळींबरोबर सुपारीची तारीख धरायला आला. आण्णांनी त्याला दारातच बघितलं आणि त्यांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. मिशी गायब. गालफडं बसलेली. तोंडातून शब्द निघेना. चहा पुढं केला तर म्हणाला, “नको.”

“पंचांग बघून कळवतो,” आण्णा म्हणाले. कवठ्याच्या मंडळींची तोंडं उतरली. जाताना त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, “लवकर कळवा आण्णा. मांडवगणचं एक स्थळ आठवडाभर धरून ठेवलंय, त्याच्यापुढं धरवायचं न्हाई.”

मोटार गेली तशा गिताबाई उसळल्या. “अवो, काय खूळ लागलं का तुमाला? पोराला रातपाळी लागली हाय. वाळला आसंल.”

“आन् मिशीलाबी रातपाळी लागली का?”

“आण्णा, त्ये तेच हायेत,” पूनम दारातून हळूच म्हणाली.

“तुला काय ठावं? तू तर पहिल्यांदा मान खाली घालून बसली हुतीस.”

पूनमकडं ह्याचं उत्तर होतं, पण बापाला देता येईल असं नव्हतं. ती आत गेली. स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच जोरात वाजायला लागली.

आण्णांनी मनाशी हिशेब मांडला. ह्या शंभूला कवठ्यात एक चुलतभाऊ होता, रुद्र नावाचा, त्याच वयाचा. नोकरीचा पोरगा दाखवायचा आणि बिननोकरीचा बोहल्यावर उभा करायचा, असं आधी कुठंतरी घडल्याचं त्यांनी ऐकलं होतं. कुठं, ते आठवत नव्हतं. पण ऐकलं होतं हे नक्की.

पुढच्या रविवारी आण्णा पहाटेच निघाले. डोक्याचा पटका घरी ठेवला आणि सर्जेरावांची पांढरी टोपी मागून घेतली. सर्जेराव म्हणाले, “वेशांतर का? मग चालपन बदला, मेंढरामागं चालल्यागत चालताय.” आण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. चौफुल्यावरून एस.टी. धरून न्हावऱ्यावरून शिरूर गाठलं, तिथून जीपनं कारेगाव.

कारेगावात चौकशी करणं सोपं नव्हतं. तिथं निम्मं गाव बाहेरचं. कोण कुणाला ओळखत नव्हतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. पानवाल्याला शंभूचं नाव विचारलं तर तो म्हणाला, “तुम्ही कोण?”

“मी... खताचा एजंट.”

“कारखान्यातल्या पोराला खत कशाला लागतंय?”

आण्णा पुढं सरकले. तेवढ्यात एका खानावळीतून ‘मिशन प्रतिबिंब’ची धून ऐकू आली. चौकशीला आलेला माणूस क्षणभर थांबला. एकही भाग आजवर चुकला नव्हता. आणि गुप्तहेरसुद्धा कुठंतरी बसतोच की. ते आत शिरले.

खानावळ अनसाबाईंची होती. आत पोरं दाटीनं बसलेली. लातूरची, बीडची, बिहारची. पडद्यावर बसक्या नाकाचा मेजर आला आणि जो तो बोलायला लागला.

“हीरो ने पैसा ज़्यादा माँगा होगा,” यादव नावाचा बिहारी पोरगा म्हणाला, “निकाल दिया. हमारे ठेकेदार के माफिक.”

“पैला बरा हुता,” अनसाबाई तव्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. “ह्यो तर जेवून पैशे न देता पळनाऱ्यातला दिसतोय.”

तेवढ्यात दारातून कंपनीच्या निळ्या शर्टात शंभू आत आला. रातपाळी करून आलेला, डोळे तांबडे. आण्णांनी टोपी पुढं ओढली. शंभूनं सगळ्यांवर नजर फिरवली आणि समोरच्या बाकावर बसला. आण्णा टीव्ही सोडून त्याच्याकडं बघायला लागले. बघता बघता आपल्याच डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी नजर काढली नाही.

“काय शंभूशेठ,” लातूरचा पोरगा म्हणाला, “गद्दार कोण निघंल?”

“रणजयचा डायवर,” शंभू जांभई देत म्हणाला. “डॉक्टरीण बिचारी गरीब हाय.”

“गेल्या टायमाला तर डॉक्टरीण म्हनाला हुतास!” आण्णा ओरडले.

सगळ्यांच्या माना वळल्या. टीव्हीत मेजर एकटाच बोलत राहिला.

“गेल्या टायमाला?” बीडचा एक जण उठला. “कुठल्या? तुम्ही कोण म्हणायचं?”

आठवडाभरापूर्वी पोरांनी पर्मनंट करा म्हणून मीटिंग घेतली होती. तेव्हापासून खानावळीत नवा चेहरा दिसला की तो ठेकेदाराचा माणूस, असं धरून चालायचं ठरलं होतं. दोघं दाराशी जाऊन उभे राहिले. यादव आण्णांच्या तोंडासमोर वाकला.

“अरे देखो! चचा का पलक नहीं गिर रहा!”

“नकली! नकली!” सगळे ओरडले.

“नकली आसंल तुजा बाप!” आण्णा ताडकन उठले. “मी पोरीचा बाप हाय!”

शंभू उठून पुढं आला. झोप कुठल्या कुठं पळाली होती. तो वाकून आण्णांच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, “मामा, मी मगाशीच वळखलं. पन टोपी घालून आलाय म्हंजी वळखायचं नसंल, आसं वाटलं.”

पोरं हसून लोळली. अनसाबाईंनी आण्णांना खुर्ची दिली आणि शंभूला त्यांच्यासमोर बसवलं. आण्णांनी हसण्याकडं लक्ष दिलं नाही. सुरुवात केली होती तर तपास पुरा करायचा होता.

“चहा का पिला न्हाईस?”

“रातपाळीनं पित्त झालंय मामा.”

“आन् मिशी?”

शंभू जमिनीकडं बघायला लागला.

“सांग की रं!” अनसाबाई म्हणाल्या. “अवो, मिशी त्याच्या होनारीनं काढाय लावली. त्या शिरेलीतल्या दुस्मानाच्या जनरलवानी दिसतो म्हनाली. आठ दिस आरशापुढं रडत हुता.”

“होनारीनं? कवा? कशी?”

“मामींनी निरोप दिला,” शंभूच्या तोंडून निघून गेलं. “केडगावच्या एसटीडीवरनं, धुरपदामावशीला. मावशीनं मला.”

“मामींनी,” आण्णा सावकाश म्हणाले. “आनखी काय काय दिलं मामींनी?”

आता लपवून उपयोग नव्हता. “पहिल्यांदा यायच्या आधी सांगितलं हुतं की मोकळं बोला, दोनदा चहा मागा, आन्... शिरेलीचा विषय निघाला तर डॉक्टरीण गद्दार म्हना. तुमाला ते आवडतं म्हनून.”

“आन् तुजं सोताचं मत?”

“डायवरच, मामा. पहिल्यापासनं डायवरच.”

आण्णांनी मनाशी हिशेब पुन्हा मांडला. म्हणजे त्यांचा संशय खरा होता, फक्त खेप चुकली होती. नकली पहिल्यांदा येऊन गेला होता. तारीख न देता परत लावला तो खरा. आणि नक्कल बनवणारी प्रयोगशाळा जमिनीखाली नव्हती, त्यांच्याच चुलीपाशी होती. फोनला हात लावायला घाबरते म्हणणारी, बाजारच्या दिवशी केडगावला जाऊन उशिरा येणारी बाई, तिथल्या एसटीडी बूथवरून कवठ्याला निरोप धाडत होती, आणि घरधन्याला ह्या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

“रातपाळी कवा संपती?” त्यांनी शेवटी विचारलं.

“पुढल्या सोमवारपासनं फस्ट शिफ्ट.”

“मग पित्ताला जप,” आण्णा म्हणाले. शंभूच्या पापण्या दोनतीनदा लवल्या. ओल्या होत्या, त्यामुळं स्पष्ट दिसल्या.

दिवस मावळायला ते खुटबावात पोचले. पूनम अंगणात कपडे काढत होती. तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि कपड्यांचा ढीग छातीशी धरून तशीच उभी राहिली. आण्णा तिच्या शेजारून आत गेले, टोपी खुंटीला लावली आणि चुलीसमोर पाटावर बसले. गिताबाईंनी भाकरी वाढली.

“आजच्या भागात काय झालं?” त्यांनी सहज विचारलं.

“गद्दार सापडला.”

“कोन? डॉक्टरीण?”

“केडगावच्या एसटीडीवरनं बोलतो. बाजारच्या दिवशी.”

आण्णांनी मान वर करून बायकोच्या डोळ्यांत बारकाईनं बघितलं. गिताबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर बरोबर मध्ये पडली. चुलीचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. आण्णांचे डोळे चुरचुरले, मिटले, पुन्हा उघडले. गिताबाई तशाच बघत होत्या. पापणी लवली नाही.

“कालवण वाढू का?” त्या म्हणाल्या.

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. “वाढ. आन् सुपारीची तारीख काय धरलीय, ती सांग. धुरपदाला कळवलीच आसशील.”

बाहेर अंगणात कपड्यांचा ढीग खाली पडल्याचा आवाज झाला.

“येत्या गुरुवारची,” गिताबाई म्हणाल्या.